इजिप्तच्या भूतकाळाचाही भूतकाळ

‘असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स’ या व्हिडिओ गेमची कथा इ.स.पू. ४९ मध्ये सुरू होते, आणि इतर ऐतिहासिक गेमपेक्षा हा मला अधिक मोलाचा वाटतो तो या कालनिवडीमुळेच. पिरॅमिड उभारले जात असतानाचा इजिप्त दाखवणे निर्मात्यांना शक्य होते. त्यांनी मात्र टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजघराण्याच्या अखेरचा इजिप्त निवडला. तेरावा टॉलेमी आणि त्याची बहीण क्लिओपात्रा यांच्यात गादीवरून जुंपलेली आहे, रोमन सैन्य येऊन ठेपले आहे, आणि गिझा येथील खुफू राजाचा पिरॅमिड तोवर अडीच हजार वर्षांचा झालेला आहे. क्लिओपात्रा आणि आपण यांच्यात जेवढे अंतर आहे, त्याहून अधिक अंतर ती आणि तो पिरॅमिड यांच्यात होते. हे वाचून ठाऊक असणे निराळे, आणि त्या काळातल्या रस्त्यांवरून फिरताना ते क्षणोक्षणी जाणवणे निराळे.

कथानायक बायेक हा सिवा या वाळवंटातील मरूद्यानाचा मेजाय आहे. मेजाय म्हणजे फॅरोंच्या राज्यातील रक्षक, आणि त्यांचे उल्लेख ‘नवराज्य’ या फॅरोंच्या वैभवशाली कालखंडाच्या अस्तानंतर, म्हणजे इ.स.पू. अकराव्या शतकानंतर, जवळजवळ नाहीसे होतात. काटेकोर इतिहासकार याला कालविपर्यास म्हणेल. मला ही निवड अत्यंत विचारपूर्वक केलेली वाटते, कारण जे पद केव्हाच संपले आहे त्याचे कर्तव्य निष्ठेने बजावणारा माणूसच आपल्याला त्या जुन्या देशातून हिंडवू शकतो. अलेक्झांड्रियाच्या सरळ, रुंद, ग्रीक धाटणीच्या रस्त्यांवर तो परका दिसतो. प्ताह या इजिप्ती देवाच्या मंदिराभोवती पसरलेल्या मेम्फिसमध्ये पाऊल टाकताच तो घरी आल्यासारखा बोलू लागतो.

नकाशावर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी थेट जाण्याची सोय गेममध्ये आहे. ती टाळावी, असे मी आग्रहाने सांगेन. उंटावर बसून वाळवंट ओलांडताना उन्हाचा ताप वाढत गेला की बायेकला भास होऊ लागतात आणि आकाशातून भुंग्यांचा पाऊस पडतो. नागपूरच्या मे महिन्यात, कूलर पूर्ण वेगाने चालू असूनही खोली तापलेली असताना, हा प्रसंग खेळण्यातील परिणाम काही औरच असतो.

गिझाला पोहोचल्यावर मी बराच काळ मूळ कथेकडे फिरकलोच नाही. त्या काळी पिरॅमिडांवर चुनखडीच्या गुळगुळीत दगडांचे आवरण होते, ते पुढे मध्ययुगात कैरोतील बांधकामांसाठी बव्हंशी काढून नेण्यात आले. गेममध्ये ते आवरण असल्यामुळे शिखरावरून थेट पायथ्यापर्यंत घसरत येता येते. आत शिरल्यावर मात्र वेग संपतो. मशाल धरून, वाकून, अरुंद चढणीने वर गेले की ग्रँड गॅलरी लागते, जिच्या दोन्ही भिंतींमधील दगडांचे थर वर जाताना एकेक करून आत सरकत जातात आणि उंच छताशी जवळ येतात. फ्रेंच वास्तुविशारद ज्याँ-पिएर उदँ यांनी राजकक्षाजवळ आणखी दालने असावीत असा तर्क मांडला होता. निर्मात्यांनी तो स्वीकारून ती दालने बांधूनच टाकली. गेम २७ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रकाशित झाला आणि त्यानंतर आठवडाभरातच संशोधकांनी दगडातूनही आरपार जाणाऱ्या म्यूऑन या सूक्ष्म कणांच्या साहाय्याने ग्रँड गॅलरीच्या वर किमान ३० मीटर लांबीची पोकळी आढळल्याचे जाहीर केले. त्यामुळे उदँ यांचा तर्क सिद्ध झाला असे नाही; तरीही ती बातमी वाचताना त्या दगडी वाटा आपल्या ओळखीच्या आहेत, असे वाटून गेले.

लढाईबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. धनुष्यांचे प्रकार चांगले आहेत, शत्रूंचे तळ मात्र पुढेपुढे एकसारखे वाटू लागतात, आणि आपली पातळी वाढल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही ही अट जाचक आहे.

फेब्रुवारी २०१८ मध्ये आलेल्या ‘डिस्कव्हरी टूर’मध्ये लढाई अजिबात नाही, केवळ माहितीपर सफरी आहेत. त्या माझ्या भाचीला दाखवत असताना तिने विचारले, “मामा, म्हणजे क्लिओपात्रासुद्धा पिरॅमिड पाहायला आपल्यासारखीच येत असेल का?” क्लिओपात्राच्याही चारशे वर्षे आधी ग्रीक इतिहासकार हेरोडोटस तेथे जाऊन पिरॅमिड कसा बांधला याची चौकशी करत होता, हे मी तिला सांगितले. तिला ते फार आवडले.

अशी दुहेरी प्राचीनता आपल्या नागपूरच्या आसपासही आहे, आणि तिच्यावर असा गेम व्हावा असे मला मनापासून वाटते. काटोल रस्त्यावरील जुनापाणी येथील लोहयुगीन शिलावर्तुळे, म्हणजे दफनांभोवती मांडलेली दगडांची वर्तुळे, रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात उकरली. रामटेकजवळचे नंदिवर्धन ही वाकाटकांची राजधानी होती, आणि सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता तेथून राज्यकारभार पाहत होती, तेव्हाही ती वर्तुळे कित्येक शतके जुनी होती. कथा तिच्या काळात घडावी. नायकाने नंदिवर्धनहून दानपत्राचा ताम्रपट घेऊन निघावे, वाटेत त्या दगडांपाशी घोडा थांबवावा, आणि ते कोणी मांडले याबद्दल प्रत्येक गावकऱ्याने त्याला वेगळी हकीकत सांगावी.