गिअर ऑईल दुधाळ का झालं? (आउटबोर्ड शिकतोय, पावसाळी नोंद)

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि मालवणात जिथे तिथे इंजिनं उघडलेली दिसतात. शिकायला याहून चांगले दिवस नाहीत. माझ्या होडीचं टू-स्ट्रोक आउटबोर्डही (होडीच्या मागे बाहेरून लावतात ते इंजिन) स्टँडवर चढवलंय. या खेपेला सगळा वेळ गिअरकेसनेच खाल्ला, म्हणजे इंजिनाच्या तळाशी गिअर आणि त्यांचं ऑईल असलेल्या पेटीने.

इंजिन रात्रभर उभं ठेवलं आणि सकाळी चालू न करताच गिअरकेसचा खालचा स्क्रू जरा सैल केला. पाणी तेलापेक्षा जड, तळाशी बसतं, त्यामुळे आत शिरलेलं असेल तर तेच आधी बाहेर येतं. आलंच. मागोमाग दुधाच्या चहासारखं ऑईल.

नुसतं ऑईल बदलून भागत नाही, पाण्याची वाट सापडायला हवी. मेस्त्रींनी पंखा (प्रोपेलर) काढायला सांगितला. त्यामागे शाफ्टला (पंख्याच्या दांड्याला) तंगुसाचे, म्हणजे नायलॉनच्या मासेमारी दोऱ्याचे, वेढे आवळून बसले होते. खाडीत तुटून वाहणारा तंगूस पंख्यात ओढला जातो आणि आवळत आवळत सीलचा (शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या कडीचा) रबरी ओठ कापतो. इंजिन छान चालत राहतं, आत बेअरिंगला गंज धरतो. म्हणून माझं ठाम मत झालंय: खाडीत फिरणाऱ्याने पंखा अधूनमधून उतरवून बघायलाच हवा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

नवं सील बसवण्याआधी शाफ्टवरून नख फिरवायचं. नख अडकेल इतकी खाच असेल तर नवं सीलही गळणार. माझा शाफ्ट गुळगुळीत निघाला. जुनी सील काढण्याआधी फोटो काढून ठेवा, ओठ कोणत्या बाजूला होता ते नंतर आठवत नाही. मग साधारण १० पीएसआय दाबाने हवा भरून गिअरकेस पाण्यात बुडवली. बुडबुडा एकही नाही! फार आनंद झाला.

ऑईल खालच्या भोकातून भरायचं, वरून बाहेर येईपर्यंत. आधी वरचा स्क्रू बंद, मग खालचा. वॉशर दोन्ही नवे.

इम्पेलरच्या (इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणाऱ्या रबरी चाकाच्या) पाकळ्या अजून लवचिक आहेत, तो ठेवला. झिंकचा अ‍ॅनोड (इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) बदलला. त्याला रंग लावू नका, लावला तर तो झिजणार नाही आणि खारं पाणी इंजिनाचं अ‍ॅल्युमिनियम खाईल.

आता कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग). इथेनॉलचं पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून तो रिकामा करून ठेवलाय. त्याचे जेट (पेट्रोलची बारीक भोकं) साफ करायला तुम्ही काय वापरता?