सुपारीएवढा नमुना

आज ठाण्यातल्या ओपीडीत पालकांचं पुन्हा तेच: "डॉक्टर, चांगले बॅक्टेरिया वाढवायला कुठलं प्रोबायोटिक देऊ?" क्रोन्समध्ये, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या आजारात, फीकॅलिबॅक्टेरियमसारखे, आतड्याच्या अस्तराला ब्युटिरेट (त्याच्या पेशींचं इंधन) पुरवणारे जंतू घटतात हे खरं. पण कॅप्सूलने क्रोन्स आटोक्यात येतो, याला पुरावा नाही.

त्यापेक्षा कॅलप्रोटेक्टिनसाठी (आतड्याची सूज दाखवणारं शौचातलं प्रथिन) शौचाचा नमुना नीट द्या. कमोडवर स्वच्छ प्लास्टिक ताणून बसवा, लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नका. सुपारीएवढा पुरतो. लगेच लॅबला जमत नसेल तर डबी फ्रीजमध्ये, आणि हो, दह्याशेजारी नको!

चार वर्षांवरच्या मुलांत ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत नॉर्मल; २५० च्या वर गेलं की सुजेचा दाट संशय. मात्र जुलाबाचा संसर्ग किंवा आयबुप्रोफेननेही आकडा चढतो, म्हणून बरं वाटल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. तान्ह्यांत तो मुळातच जास्त असतो.

आपल्याकडे आतड्याचा टीबी हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो. स्टेरॉइडआधी बायोप्सी (आतड्याचा छोटा तुकडा तपासणं) त्यासाठीच.

क्रोन्स ठरलाच, तर बऱ्याच मुलांना ६ ते ८ आठवडे जेवण बंद ठेवून फक्त पूर्ण पोषण देणारं फॉर्म्युला दूध देतात. यात घोळ होतो तो आजीच्या "एवढासा वरणभात"मुळे.