कोपरी पूल रुंद झाला, टोल गेला, तरी मी अजून नितीन कंपनी नाक्यावरच

काल परत तेच. ठाण्यात मानपाड्याहून मुंबईकडे सव्वाआठला निघालो, माजिवड्याचा पूल चढलो तर समोर लाल दिवेच दिवे. बायकोचा फोन, कुठे पोचलास? म्हटलं गोल्डन डाईज, म्हणजे अजून माजिवड्यालाच. ती नुसती हसली.

मी पंधरा वर्षं ह्या इस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर आहे, त्यामुळे व्हिलन बदलताना बघितलेत. आधी व्हिलन कोपरीचा रेल्वेवरचा पूल, आणि ते खोटंही नव्हतं, रस्त्याला दोन्हीकडे चार-चार लेन आणि पुलावर दोन-दोनच, मग काय होणार. फेब्रुवारी २०२३ ला रुंद पूल खुला झाला. मग व्हिलन टोलनाका. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही एंट्रीला हलक्या गाड्यांना टोल माफ झाला, आनंदनगरच्या नाक्याला थांबायची भानगड गेली. फरक पडला, खोटं कशाला बोलू, कोपरीला जो जीव जायचा तो आता तेवढा जात नाही. पण जॅम संपला नाही हो, मागे सरकून बसला.

आता अडकतो कुठे, तर जिथे बाजूचा रस्ता मेनमध्ये घुसतो तिथे. माजिवड्याला घोडबंदरचा आणि नाशिककडचा लोंढा एकत्र होतो, पुढे कॅडबरी, नितीन, तीन हात नाका, प्रत्येक पुलाच्या पायथ्याशी स्लिप रोडवरून, म्हणजे बाजूच्या जोडरस्त्यावरून, गाड्यांच्या झुंडीच्या झुंडी आत येतात, एकाने ब्रेक मारला की मागच्याने जास्त जोरात मारायचा, त्याच्या मागचा उभाच. जपानमध्ये २००८ साली ह्याचा प्रयोग छापून आला होता, २३० मीटरच्या गोल ट्रॅकवर २२ गाड्या, सगळ्यांना सांगितलं एकसारख्या स्पीडने चालवा. सिग्नल नाही, खड्डा नाही, रिक्षा नाही, तरी थोड्या वेळात जॅम तयार, आणि तो उलटा मागे मागे सरकत गेला. आपल्याकडे तर खड्डाही आहे आणि रिक्षाही.

आमच्या गिरणीवाल्याकडे बघा. वरच्या डब्यात गहू कितीही ओता, खालची पट्टी तो बोटभरच उघडतो, नाहीतर जातं गुदमरतं. हायवेचंही तसंच. बाहेरच्या देशात स्लिप रोडवर छोटा सिग्नल असतो, रॅम्प मीटर म्हणतात, एका हिरव्याला एकच गाडी आत. अमेरिकेत मिनियापोलिसला लोक ह्यावर जाम वैतागले, उगाच थांबवतात म्हणून, तेव्हा २००० साली साधारण ४३० रॅम्प मीटर सहा आठवडे बंदच करून बघितले. हायवेवरून जाणाऱ्या गाड्या ९ टक्के कमी झाल्या, वेळ २२ टक्के वाढला आणि अपघात २६ टक्के. मीटर परत चालू केले, पण लोकांची तक्रारही ऐकली, रॅम्पवर चार मिनिटांच्या वर कोणाला थांबवायचं नाही असं ठरलं.

आता लगेच कोणीतरी म्हणेल ठाण्यात लावा. लावा आणि बघा, बाईकवाले सिग्नलच्या बाजूने सुळ्ळकन जातील, आणि थांबलेल्या गाड्यांची रांग ठेवणार कुठे, नितीनचा स्लिप रोड आहे केवढा, रांग खालच्या नाक्यात आली की खालचं सगळं ठप्प. म्हणून मला वाटतं सुरुवात त्याहून साध्या गोष्टीने करावी. स्लिप रोड जिथे मेनला मिळतो, बरोब्बर त्या तोंडावर रिक्षा उभ्या, पॅसेंजर उभे, बस थांबते, म्हणजे दोन लेनची एक होते आणि गाडीला स्पीड घ्यायला जागाच उरत नाही. तो थांबा दोनशे पावलं मागे न्या आणि पीक अवरला एक हवालदार पुलाखालच्या सिग्नलऐवजी त्या तोंडावर उभा करा. पूल बांधण्याइतका खर्च नाही आणि बहुतेक म्हणूनच कोणी करत नाही.

आता घाटकोपरच्या छेडानगरपासून ठाण्यापर्यंत इस्टर्न फ्रीवे वाढवणार आहेत, उन्नत मार्ग. छान. पण तो उतरणार कुठे, आणि उतरल्यावर ती गर्दी कोणात मिसळणार, हे मी नकाशात आधी बघणार.

आणि हो, काल तीन हात नाक्याला सर्व्हिस रोडने पुढे जाऊन शेवटच्या क्षणी कट मारणारी राखाडी गाडी माझीच. मागच्याने दिलेल्या शिव्या काच बंद असूनही ऐकू आल्या. ऑफिसला तरी पंचवीस मिनिटं लेटच पोचलो.