भांडं चांगलं घेतलं, आता घासायचं कशानं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमचं सोलापुरात भांड्यांचं दुकान आहे. ट्रायप्लायची, म्हणजे आत-बाहेर स्टील आणि मधे ॲल्युमिनियम अशा तीन थरांची, कढई किंवा बिडाचा तवा पिशवीत घातला की प्रश्न ठरलेला: "काकू, हे घासायचं कशानं ओ?" लोकांना साबणाचं नाव हवं असतं. साधं, सौम्य लिक्विड कुठलंही चालतं. मी आधी घासणीचं विचारते.

लोखंडी तारेच्या घासणीनं स्टीलवर ओरखडे तर पडतातच, शिवाय तिचे बारीक कण भांड्यावर राहतात आणि गंजतात. मग उत्तम स्टीलवर तांबूस ठिपके दिसतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, माल हलका निघाला. स्पंज पुरतो. भाजी करपलीच, तर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून थोडा वेळ उकळायचं, लाकडी उलथन्यानं खरवड सुटते. ब्लीच मात्र कधीच नको, त्यातल्या क्लोरीनमुळे स्टीलला बारीक खड्डे पडतात.

इथली दुसरी तक्रार पांढऱ्या डागांची. बोअरचं पाणी जड, भांडं ओलंच पालथं घातलं की पाणी वाळतं आणि क्षार राहतात. साबण बदलून हे डाग हटत नाहीत, त्यांना आंबटच लागतं. पिळलेल्या लिंबाची फोड फिरवा, धुवा आणि लगेच कोरडं पुसा. पुसण्याचा कंटाळा केलात तर उद्या पुन्हा तेच.

भाकरीच्या तव्याला मात्र लिंबू लावू नका. आंबटानं बिडावर मुरलेला तेलाचा थर जातो. भाकऱ्या झाल्या की तवा गरम असतानाच जाड फडक्यानं जळकं पीठ झटकून टाका, रोज धुवायची गरजच नाही. धपाटी केली असतील तर कोमट पाणी, अगदी थोडं लिक्विड, मग गॅसवर ठेवून पूर्ण कोरडा करायचा आणि तेलाचं बोट फिरवायचं. रात्रभर मोरीत भिजत ठेवला तर सकाळी गंज चढलेला असतो.

ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा लावू नका, काळं पडतं.

पितळेच्या पातेल्याला बाहेरून चिंच-मीठ खुशाल लावा, आत नको. आतली कल्हई म्हणजे कथलाचा पातळ, मऊ थर, राखेनं-वाळूनं घासलात तर लवकर झिजतो. आतून पिवळं दिसायला लागलं की त्यात आमटी किंवा ताक ठेवू नका, आधी कल्हई करून घ्या.