तुम्ही विचारलंत म्हणून: पुण्यात ते अ‍ॅडमिशनचं काम कसं मिळतं?

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला सुट्टी काढून सोलापूरला आले की चपला काढायच्या आत हा प्रश्न येतो. परवा तर शेंगा चटणी घ्यायला गेले, त्या दुकानदारानं पण विचारलं, "पुण्यात ते कोर्स विकायचं काम असतंय की, त्यात आमच्या पोराला चिकटवता येतंय का?" आणि काल मावशी तुम्ही, धाकट्यासाठी. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

चिकटवायची गरजच नाही हो. लागणं हाच यातला सोपा भाग. कुठलीही डिग्री चालते, बोलता आलं पाहिजे, बास. नोकरी डॉट कॉम, अपना असल्या नोकरी शोधायच्या अ‍ॅपवर अकॅडमिक कौन्सेलर, अ‍ॅडमिशन कौन्सेलर, बिझनेस डेव्हलपमेंट असोसिएट असं काहीही टाका, ढीग निघतो. नावं वेगळी, काम एकच, पोरांचे ऑनलाइन कोर्स पालकांना विकायचे. नंबरांची लिस्ट मिळते त्याला लीड म्हणतात, फोन लावत बसायचं, डेमो द्यायचा, फी भरून घ्यायची आणि महिनाअखेरीला टार्गेट. जो नोकरी लावायचे पैसे मागतो, रजिस्ट्रेशन म्हणो की ट्रेनिंग, तिथनं सरळ उठून यायचं.

मी २०१९ ला बीकॉम झाले आणि हुतात्मा एक्स्प्रेसनं पुणं गाठलं. कर्वेनगरात कॉट बेसिसवर, एका खोलीत चौघी. ऑफर लेटरवरचा आकडा बघून पप्पांनी पेढे वाटले होते, पण त्यातला निम्मा इन्सेंटिव्ह होता, म्हणजे विकलं तर मिळणार. हातात १८,००० यायचे. म्हणून सांगते, पॅकेज विचारू नका, एकही अ‍ॅडमिशन झाली नाही तर महिन्याला बँकेत किती येणार ते विचारा.

पहिल्या दिवशीच टीम लीडर म्हणाला, तुझं ते "काय करालाव, कुठं जालाव" आधी बंद कर. मी आरशासमोर उभं राहून पुणेरी मराठी घोटली. तरी दोन महिने काही खास नाही. मग २०२० चा लॉकडाऊन लागला, शाळा बंद, पोरं घरात, पालक घाबरलेले, फोन उचलला की अर्धं काम झालेलंच असायचं. इन्सेंटिव्ह पगाराच्या वर जायला लागला. आम्हाला वाटलं आपण लई भारी सेल्सवाले. विकत होता तो लॉकडाऊन, हे शाळा उघडल्यावर कळलं, लीड आटल्या आणि शेजारची आख्खी रांग रिकामी झाली. मोठ्यांची पण तीच गत, बायजूज ही ऑनलाइन शिकवणीची २०११ पासूनची कंपनी, जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली.

पण मला बोलायचंय ते त्या आधीचं. २०२१ मध्ये एक लीड निघाली सोलापूरची. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला असलेले काका, मुलगी नववीत. पाठीमागनं मागाचा खडखडाट ऐकू यालता. मी स्क्रिप्ट ठेवली बाजूला आणि आपल्या बोलीत सुरू झाले, "काका, आम्ही बी सोलापूरचेच की." वीस मिनिटांत झालं. महिन्याचा हप्ता आहे एवढंच सांगितलं, तो फायनान्स कंपनीचं लोन आहे हा शब्द तोंडातनं काढला नाही, काढायचा नाही असंच शिकवलेलं. दोन महिन्यांत पोरीनं कोर्स सोडला, हप्ता मात्र खात्यातनं कटतच राहिला. त्यांचा फोन आला, मला वाटलं शिव्या घालतील. ते एवढंच म्हणाले, "ताई, तुम्ही आपल्या गावच्या, म्हणून मी काही विचारलंच नाही."

रिफंडची मुदत संपलेली होती. मी वरपर्यंत मेल केले, काही झालं नाही. आणि लगेच राजीनामा फेकला वगैरे काही नाही, इन्सेंटिव्ह अडकलेला होता, आणखी तीन महिने तिथंच बसले.

म्हणून तुमच्या धाकट्यानं इंटरव्ह्यूत पहिलं हेच विचारायचं, मुलानं मधनं सोडलं तर पैसे परत कसे देता? कोचिंगसाठी केंद्र सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत द्यावी आणि १६ वर्षांखालच्यांना घेऊच नये असं आहे. मॅनेजर हसून विषय बदलायला लागला की समजायचं, ते फोन उद्या ह्यालाच येणार.

मी आता शाळांना पुस्तकं नि डिजिटल बोर्ड विकते. पगार सुरुवातीला कमीच होता, डिसेंबर ते एप्रिल नुसती पळापळ, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, पार कर्नाटकातल्या इंडी-विजयपूरपर्यंत. पण इथं त्याच मुख्याध्यापकासमोर पुढच्या वर्षी परत बसायचं असतं, त्यामुळं थाप मारून भागत नाही. आणि गंमत बघा, पुण्यात जी बोली पुसायला लावली तीच इथं चालते. थोडं कानडी, शाळेतल्या मैत्रिणींकडनं उचललेलं मोडकंतोडकं तेलुगू, कुणीतरी चहा मागवतंच.

तर मावशी, त्याला रविवारी सकाळी पाठवा, सीव्ही-बिव्ही नको. मी पालक होऊन बसते, त्यानं मला कोर्स विकून दाखवायचा. लोन हा शब्द कधी काढतोय ते बघू.