टोटल १९० आलं म्हणून कागद फाइलला लावू नका

लिपिड प्रोफाइलचा (रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा) कागद हातात आला की नजर आधी टोटल कोलेस्ट्रॉलवर जाते. आकडा २०० च्या आत असला की झालं, कागद फाइलमध्ये जातो. आपल्याकडच्या माणसांना ही सवय महागात पडते.

समजा, मधुमेह असलेल्या पन्नाशीच्या माणसाचा रिपोर्ट असा आहे: टोटल १९०, एचडीएल ('चांगलं' कोलेस्ट्रॉल) ३६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी) २४०, एलडीएल ('वाईट' कोलेस्ट्रॉल) १०६. वरवर पाहता फार बिघडलेलं नाही. आता टोटलमधून एचडीएल वजा करा. उरले १५४. याला नॉन-एचडीएल म्हणतात. धमनीच्या भिंतीत शिरून साचू शकणारं सगळं कोलेस्ट्रॉल या एका आकड्यात येतं. मधुमेह असेल तर तो १०० च्या आत हवा. म्हणजे 'नॉर्मल' टोटलच्या आड ५४ ची थकबाकी लपली आहे.

मग एलडीएल इतकं साधं का दिसलं? कारण बऱ्याच लॅबमध्ये ते मोजत नाहीत, गणिताने काढतात: टोटल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. १९० − ३६ − ४८ = १०६. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे गणित कोलमडतं, तेव्हा 'डायरेक्ट एलडीएल' मागावं. शिवाय ट्रायग्लिसराइड जास्त असताना एलडीएलचे कण लहान होतात. प्रत्येक कणात कोलेस्ट्रॉल कमी, पण कणांची संख्या जास्त. भिंतीत शिरतात ते कण, त्यामुळे संख्या महत्त्वाची. एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त ही जोडी भारतीयांत फार दिसते.

रिपोर्टावर छापलेली मर्यादा सगळ्यांसाठी एकच असते, तुमची वेगळी असू शकते. धोका कमी असेल तर एलडीएल १०० च्या आत, मधुमेहासारखा मोठा धोका असेल तर ७० च्या आत, हार्ट अटॅक किंवा अँजिओप्लास्टी झालेली असेल तर ५५ च्या आत. नॉन-एचडीएलसाठी प्रत्येक ठिकाणी ३० मिळवा.

आता स्वयंपाकघर. ट्रायग्लिसराइड चढवतात ते साखर, मैदा, भाताचा डोंगर, दारू आणि (रागावू नका) उपवासाची साबुदाणा खिचडी. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे चहातूनच ३०-४० ग्रॅम साखर पोटात. इथे हात आखडला की दोन-तीन महिन्यांत आकडा चांगला उतरतो. एलडीएल मात्र हट्टी. साय, लोणी, तूप, पाम तेलातलं फरसाण कमी केलं, कडधान्यं वाढवली, तरी उतार बेताचाच, कारण बहुतेक कोलेस्ट्रॉल यकृतच बनवतं. तेलाचा हिशेब महिन्यावर ठेवणं सोपं: चौघांच्या घरात दोन लिटर. शेंगदाणा तेलाच्या पिशवीवरचं 'कोलेस्ट्रॉल फ्री' वाचून पळीभर जास्त ओतू नये. कुठल्याच वनस्पती तेलात सांगण्याजोगं कोलेस्ट्रॉल नसतं.

स्टॅटिनच्या (कोलेस्ट्रॉल उतरवणाऱ्या गोळीच्या) बाबतीत नेहमीची चूक अशी: सहा-आठ आठवड्यांनी तपासणी केली, एलडीएल ६५ आलं, 'आता बरं झालं' म्हणून गोळी बंद. ६५ हा गोळीचा परिणाम असतो. थांबवली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा पहिल्याइतका चढतो. डोस दुप्पट केल्याने एलडीएल जेमतेम ६ टक्के आणखी उतरतं, म्हणून डॉक्टर पुष्कळदा डोस न वाढवता एझेटिमाइब जोडतात. ती गोळी आतड्यातलं कोलेस्ट्रॉलचं शोषण अडवते. दोन्ही मांड्या-दंड सतत दुखत असतील तर मनाने गोळी सोडण्यापेक्षा डॉक्टरांना सांगा. सीपीके (स्नायूंना इजा झाली का हे दाखवणारी रक्ततपासणी) तपासता येतं, डोस किंवा औषध बदलता येतं.

घरात कोणाला कमी वयात अटॅक आला असेल तर एकदा लायपोप्रोटीन (ए) हा रक्तातला एलडीएलसारखाच कण तपासून घ्या. तो आनुवंशिक असतो, पथ्याने फारसा हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा मोजला तरी बहुधा पुरतो. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर निघाला तर बाकीच्या आकड्यांवर जास्त कडक राहावं लागतं.

आणि रिपोर्ट कितीही छान असो, छातीत दाब आणि सोबत घाम आला, दाब जबड्याकडे किंवा हाताकडे सरकला, तर 'गॅस असेल' म्हणून सोडा पीत बसू नका. १०८ लावा, ईसीजी काढा. मधुमेह्यांत आणि बायकांत कधी छाती दुखतच नाही, नुसती धाप लागते किंवा मळमळतं. तेव्हाही ईसीजीच.