ओबव्वाची किंडी आणि नवऱ्याचं जेवण

पुणे-बंगळूर हायवेने जाताना चित्रदुर्ग आम्ही नेहमी मागे टाकायचो. डोंगरावर पवनचक्क्या दिसल्या की चहाला थांबायचं, एवढीच त्या गावाशी ओळख. या खेपेला हट्टाने गाडी आत घ्यायला लावली. वाटेत कित्तूर केलं. १८२४ साली राणी चेन्नम्माच्या फौजेने इंग्रज कलेक्टर थॅकरेला लोळवलं ते हेच गाव, पण वाड्याचे पडके चौथरे आणि निगा राखलेली बाग पाहून अर्ध्या तासात बाहेर पडलो. बाकीचा दिवस हायवेने खाल्ला.

चित्रदुर्गाचा किल्ला म्हणजे दगडांचा महासागर. तटबंदीचे सात फेरे आणि मधे हत्तीएवढे ग्रॅनाइटचे धोंडे. सकाळी लवकर जा, असं सगळे सांगतात. गेलो, तरी दगड नऊ वाजताच तापले. तोफांची दारू दळायच्या अवाढव्य जात्यांपाशी माझा उत्साह संपत आला होता, पण मला किंडी बघायचीच होती.

किंडी म्हणजे दोन धोंड्यांमधली फट. हैदर अलीचा वेढा पडलेला, गडावर इथला राजा मदकरी नायक. इथल्या बुरुजावरचा पहारेकरी दुपारी जेवायला घरी गेला. घरात प्यायला पाणी नव्हतं, म्हणून त्याची बायको ओबव्वा शेजारच्या डबक्यावर गेली. तिला फटीपलीकडून कुजबूज ऐकू आली. तिने घरातलं मुसळ आणलं आणि जो जो आत डोकं घालेल त्याला हाणलं. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं, हे आपण नुसतं म्हणतो. हैदरच्या शिपायांनी भोगलं.

आमच्या गाइडने यातली निम्मी वेळ नवऱ्याच्या जेवणावर घालवली. जेवत्या नवऱ्याला तिने उठवलं नाही, केवढी पतिव्रता! पुढच्या घोळक्यातला एक काका ओरडला, "बायकांच्या हातात मुसळ देऊ नका रे!" सगळे खिदळले. माझं डोकं फिरलं.

तेवढ्यात आमचा नंबर आला. फटीत उभ्याने जाताच येत नाही. मी ओणवी झाले, दोन्ही तळवे दगडावर टेकले, ओढणी खांद्याखाली दाबली गेली. पलीकडे सर्वात आधी निघालं ते माझं डोकं, मान खाली, नजर जमिनीकडे. हात अडकलेले, त्यामुळे तलवार असती तरी उपसता आली नसती. शेजारी कोण उभं आहे हे कळायला मान वळवावी लागत होती, आणि ती वळत नव्हती.

मग तिचं काम नीट कळलं. भोकासमोर न थांबता बाजूला उभं राहायचं. घाव एकच, कारण माणूस ओरडला तर मागचे सावध होणार. पडलेलं धूड ओढून बाजूला करायचं, नाहीतर वाट बुजते आणि मागच्याला संशय येतो. पुन्हा जागेवर. आरडाओरडा करून तिने नवऱ्याला बोलावलं नाही, याचं कारण पातिव्रत्य कशाला असायला हवं? आवाज झाला असता तर शिपाई मागे फिरून दुसरी वाट शोधायला गेले असते.

चेन्नम्मा, लक्ष्मीबाई, ताराबाई या राण्या. हुकूम दिला की फौज हलायची. चलवादी या दलित समाजातल्या ओबव्वाचं नाव कुठल्या पगारपत्रकात असणार? आता गावात तिचा पुतळा आहे, स्टेडियमला तिचं नाव आहे, आणि २०२१ पासून कर्नाटक सरकार ११ नोव्हेंबरला तिची जयंती करतं. किल्ला मात्र १७७९ मध्ये हैदरने घेतलाच.

ओबव्वाचं पुढे काय झालं, असं मी गाइडला विचारलं. तो म्हणाला, दोन गोष्टी सांगतात. नवरा हात धुऊन परतला तेव्हा ती रक्ताने माखलेली, भोवती प्रेतं. त्याने रणशिंग फुंकलं, शिबंदी धावली आणि हल्ला परतला. एका गोष्टीत ती धक्क्याने गेली, दुसरीत एका शिपायाने मागून वार केला. माझ्या नवऱ्याला पहिली पटली, मला अजिबात नाही. एवढ्या शांत डोक्याने एकामागून एक माणूस टिपणारी बाई प्रेतं बघून मरेल? एकटीच पहाऱ्यावर होती ती, मागे बघायला कोण होतं? दावणगिरीपर्यंत आम्ही यावरूनच भांडत गेलो.